मोडलेली गोल्फ स्टिक: दुरुस्त करावी की सेकंडहँड घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळणारे तिला 'क्लब' म्हणतात, न खेळणारे 'स्टिक'. 'माझा क्लब मोडला' असं सांगितलं की समोरच्याला वाटतं कमिटीत भांडणं झाली. म्हणून या पानावर मी काठी, स्टिक, क्लब असं जे तोंडात येईल ते वापरलं आहे. मी दुकानदार नाही. पुण्यात रविवारी सकाळी खेळणारा माणूस आहे. गेली काही वर्षं बाल्कनीत बसून स्वतःच्या आणि मित्रांच्या काठ्या खोलतो, जोडतो. दोन-तीन कायमच्या बिघडवल्याही आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

जास्त वाचायला वेळ नाही. दुरुस्त करू की दुसरी घेऊ?

आयर्न (पोलादी हेडच्या, नंबर असलेल्या काठ्या; हेड म्हणजे चेंडूला लागणारं टोक), वेज (जवळच्या उंच फटक्यांची काठी) आणि पटर (भोकाजवळ चेंडू हळूच ढकलायची) असेल तर दुरुस्त करा. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) किंवा फेअरवे वूड (तिची धाकटी बहीण) यांचं हेडच गेलं असेल तर सेकंडहँड घ्या.

असा फरक का?

आयर्नचं हेड म्हणजे भरीव पोलादाचा तुकडा. तो दगडावर आपटला तरी फार तर ओरखडा पडतो. हेडच्या मानेला, म्हणजे होझलला, भोक असतं. त्यात शाफ्टची नळी इपॉक्सीने चिकटवलेली असते. सांध्यावर फेरूल नावाची प्लास्टिकची काळी रिंग असते आणि दुसऱ्या टोकाला रबरी ग्रिप. यातली ग्रिप झिजते, गोंद म्हातारा होतो, शाफ्ट मोडतो. हे तिन्ही बदलता येतं, आणि हेड पुढच्या पिढीपर्यंत तसंच राहतं. सायकलची चेन तुटली म्हणून आपण फ्रेम भंगारात देत नाही, तसंच हे.

ड्रायव्हरचं उलटं आहे. आजचा ड्रायव्हर आतून पोकळ असतो. बहुतेकदा टायटॅनियमचा, आणि समोरचा पत्रा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. तो पत्रा चेंडूला स्प्रिंगसारखा ढकलतो. हजारो फटके खाऊन त्याला बारीक चीर गेली की संपलं. ती सांधणारा कारागीर मला आजवर भेटला नाही, आणि भेटला तरी पूर्वीची स्प्रिंग परत येणार नाही.

फटका मारताना हेडच उडून गेलं. शाफ्ट शाबूत आहे. आता?

अभिनंदन, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तुमच्या वाट्याला आली आहे. मामांनी दिलेल्या सेटमधल्या सात नंबरच्या आयर्नचं असंच झालं होतं. चेंडू वीस यार्ड गेला आणि हेड पन्नास. सोबतचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, शांतपणे म्हणाला, "साहेब, डायरेक्शन चांगली होती."

हेड आधी शोधून काढा, फेरूलही सापडली तर उत्तम. होझलमधला जुना गोंद तारेच्या ब्रशने किंवा बारीक गोल कानसाने पूर्ण खरवडा. शाफ्टचं टोक स्टीलचं असेल तर जेवढा भाग होझलमध्ये जातो तेवढा पॉलिश पेपरने घासून खडबडीत करा. ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा, असेल तर फक्त वरचा रंग आणि चकाकी काढा, काळे धागे कापू नका. मग दोन नळ्यांतली इपॉक्सी सम प्रमाणात नीट घोटून शाफ्टला आणि होझलच्या आत दोन्हीकडे लावा, फिरवत बसवा, बाहेर आलेला गोंद पुसा. हेड खाली टेकेल अशी काठी भिंतीला उभी करून पूर्ण चोवीस तास हात लावू नका. 'सकाळी लावली, दुपारी सरावाच्या रेंजवर नेली' या घाईत हेड पुन्हा उडतं, आणि या वेळी समोर कोणीतरी उभं असू शकतं.

फेविक्विक किंवा एम-सील चालेल?

नाही. फेविक्विक ठिसूळ असतं, झटका सोसत नाही. एम-सील पाइपची गळती थांबवायला आहे. गोल्फसाठीची इपॉक्सी ऑनलाइन मिळते, तीच घ्या. फार अडलं तर हार्डवेअरच्या दुकानातलं सावकाश सुकणारं अॅरल्डाइट मी पटरसाठी वापरलं आहे, कारण पटरला झटका बसतच नाही. पाच मिनिटांत सुकणारं मात्र त्यालाही नको.

शाफ्ट मोडला. नवा टाकू का?

इथे जरा खोलात जावं लागेल, कारण बहुतेकांचे पैसे याच पायरीवर वाया जातात.

पहिली गोष्ट म्हणजे टोकाचं माप. आयर्नचे शाफ्ट दोन प्रकारचे. एक 'पॅरलल', ज्याचं टोक ०.३७० इंच, म्हणजे साधारण ९.४ मिलिमीटर. दुसरा 'टेपर', ०.३५५ इंच, म्हणजे ९ मिलिमीटर आणि टोकाकडे निमुळता. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे जा, तो दहा सेकंदांत मोजून देईल. पॅरलल शाफ्ट एकच लांब नळी घेऊन हव्या त्या नंबरसाठी टोकाकडून आणि मग ग्रिपकडून कापता येतो. टेपर मात्र ज्या नंबरसाठी बनला त्याच नंबरला लागतो, त्यामुळे सात नंबरचा हवा असेल तर सात नंबरचाच मागवा. ड्रायव्हरला बहुतेकदा ०.३३५ इंचाचं टोक असतं.

दुसरी गोष्ट, होझलमध्ये अडकलेला तुकडा. होझल हीटगनने तापवलं की गोंद सुटतो. स्टीलचा शाफ्ट जाड हातमोजे घालून पिळून काढता येतो. ग्रॅफाइट पिळायचा नाही, सरळ ओढायचा. मी माझ्या पहिल्याच ग्रॅफाइट शाफ्टला स्टीलसारखा पीळ दिला. हातात धाग्यांची केरसुणी आली. चांगला शाफ्ट, दहा सेकंदांत गेला. तुकडा होझलच्या आतच मोडला असेल तर ड्रिल करून काढावा लागतो. ते काम पहिल्यांदाच करत असाल तर माहीतगाराला द्या, कारण ड्रिल तिरकं गेलं तर अमर हेडही मरतं.

तिसरी गोष्ट लांबी. सात नंबरचा स्टील शाफ्टचा आयर्न साधारण ३७ इंचांचा असतो, आणि नंबर वाढला की प्रत्येक काठी अर्ध्या इंचाने आखूड होत जाते. कापण्याआधी बाजूच्या दोन काठ्या, सहा आणि आठ नंबरच्या, भिंतीला उभ्या करून बघा. नवीन शाफ्टचं वजनही त्यांच्या जवळचं हवं. सेटमध्ये सगळीकडे जड स्टील असताना एकाच काठीत हलकं ग्रॅफाइट घातलं, तर ती काठी सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी वर्षभर अवघडलेली राहते.

आता माझी आवडती युक्ती. नवा शाफ्ट महाग वाटत असेल तर त्याच शाफ्टची, त्याच नंबरची एखादी रंग उडालेली, हेडवर टवके पडलेली सेकंडहँड काठी शोधा. तिला गिऱ्हाईक नसतं. ती घ्या, शाफ्ट काढा, तुमच्या हेडला लावा. दुरुस्तीही झाली आणि सेकंडहँड खरेदीही.

शाफ्ट होझलच्या अगदी तोंडाशी मोडला आहे, बाकी पूर्ण चांगला आहे. तोच पुन्हा बसवला तर?

बसतो. काठी इंच-दीड इंच आखूड होते, ती लांबी ग्रिपच्या टोकाला जोडतुकडा घालून भरून काढता येते. टोक कापलं गेल्याने शाफ्ट थोडा ताठ खेळेल. टेपर असेल तर कापलेलं टोक जाड असतं, ते होझलमध्ये शिरत नाही. रविवारच्या खेळाडूला ताठपणा कळतो का? मला तरी कळला नाही.

वेल्डिंग करून घेतलं तर?

करू नका. शाफ्ट म्हणजे पातळ भिंतीची, विशिष्ट प्रकारे कडक केलेली नळी. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो आणि पुढच्या वेळी काठी शेजारच्याच जागी मोडते. मोडलेल्या शाफ्टचं टोक सुरीसारखं असतं.

वाकलेला शाफ्ट सरळ करता येतो का?

दिसायला सरळ होतो. आतून दुबळा झालेला असतो. बदला.

एक सात नंबरचा आयर्न मोडला आहे. ऑनलाइन दुसऱ्या कंपनीचा जुना सात नंबर अगदी स्वस्तात मिळतोय. तो का घेऊ नये?

कारण 'सात' हा आकडा फसवा आहे. फेस, म्हणजे हेडची चेंडूला लागणारी बाजू, मागे किती झुकलेला आहे त्याला लोफ्ट म्हणतात, आणि चेंडू किती उंच व किती लांब जाईल हे मुख्यतः त्यावर ठरतं. ऐंशीच्या दशकातल्या सात नंबरचा लोफ्ट ३६ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या 'लांब मारणाऱ्या' सेटमधला सात नंबर २८ ते ३० अंशांचा असतो. म्हणजे कंपन्यांनी जुन्या पाच नंबरवर सात कोरून विकायला काढलं, असंच म्हणा ना. (त्याचं गुरुत्वमध्य खाली आणल्याने चेंडू उंच जातो, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.)

आता तुमच्या जुन्या सेटमध्ये हा नवा सात घुसवला तर काय होईल? तो सहाच्याही पुढे जाईल. सहा आणि सात एकमेकांच्या पायात पाय घालतील आणि सात व आठच्या मध्ये मोठं भगदाड पडेल. १५० यार्डांवरून कोणती काठी काढायची हा प्रश्न आधीच अवघड, त्यात ही भर. एकट्या आयर्नची खरेदी करायचीच असेल तर तेच मॉडेल, त्याच पिढीचं, तसाच शाफ्ट असलेलं शोधा. एकाच नावाच्या मॉडेलच्या दोन पिढ्यांतही लोफ्ट बदललेला असतो.

मग खर्चाची मर्यादा किती ठेवायची?

माझा हिशेब असा. तुमच्यासारखा सेट आज सेकंडहँड किती रुपयांना मिळतो ते पाहा आणि काठ्यांच्या संख्येने भागा. समजा आठ आयर्नचा सेट २४,००० ला मिळतो, तर एका काठीचे झाले ३,०००. एकाच काठीची दुरुस्ती यात बसत असेल तर विचारही करू नका. थोडी वर गेली तरी मी करीन, कारण मधला एक आयर्न नसलेला सेट कोणी विकत घेत नाही. पण आठही काठ्यांना शाफ्ट आणि ग्रिप हव्या असतील तर हिशेब उलटतो. तेव्हा दुसरा सेट घ्या आणि हा एखाद्या शिकाऊ मुलाला द्या.

माझा तीन नंबर (किंवा चार नंबर) आयर्न मोडला.

देवाचे आभार माना. दुरुस्तही करू नका, तोच पुन्हा विकतही घेऊ नका. लांब आयर्न आपल्यापैकी फारच थोड्यांना लागतात. त्या जागी एखादा सेकंडहँड हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधली काठी) घ्या, किंवा जागा रिकामी ठेवा. बॅगेत चौदापेक्षा जास्त काठ्या नकोत असा नियम आहे (अमेरिकेत तो १९३८ मध्ये आला). चौदा हव्यातच असं कुठे लिहिलेलं नाही.

ग्रिप चिकट, गुळगुळीत झाल्यात. सेट जुना वाटतो. बदलू का?

आधी धुवा. खरंच. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. पाणी वरच्या टोकाच्या छोट्या भोकात जाऊ देऊ नका. सावलीत वाळवा. निम्म्या लोकांचा 'नवा सेट घेऊ का' हा प्रश्न इथेच मिटतो.

रबर कडक झालं असेल, भेगा पडल्या असतील, तर बदला. घरी होणारी सगळ्यात सोपी दुरुस्ती ही. जुनी ग्रिप हुकासारख्या ब्लेडने स्वतःपासून लांब कापत न्या (ग्रॅफाइटवर सरळ ब्लेड चालवू नका, खाली शाफ्ट कापला जातो). जुनी टेप काढा, नवी दुहेरी चिकट टेप गुंडाळा, ग्रिपमध्ये आणि टेपवर टर्पेंटाइन ओता आणि एका दमात ग्रिप सरकवा. थांबलात तर ती अर्ध्यात अडकते आणि मग शिव्या सुचतात. काही जण पेट्रोल वापरतात. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत, शेजारी देवघर आणि समई असताना, कृपया नको.

सेकंडहँड ड्रायव्हर बघायला निघालोय. काय तपासू?

एक दिलासा आधी. ड्रायव्हरच्या हेडवर ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि फेसच्या स्प्रिंगवरही नियमाने लगाम आहे. दोन्ही मर्यादा विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर आल्या आणि कंपन्या लवकरच त्यांच्या काठावर पोचल्या. त्यामुळे आठ-दहा वर्षं जुना चांगला ड्रायव्हर आजच्यापेक्षा जाहिरातीत वाटतो तितका मागे नसतो. सेकंडहँडचा सगळ्यात मोठा फायदा याच काठीत आहे.

तपासताना उन्हात न्या. फेसवर बोट आणि नख फिरवा, विशेषतः कडेला आणि खालच्या सांध्यावर. चीर नखाला लागते. वरच्या भागाचा रंग ताजा वाटत असेल तर संशय घ्या. मी एकदा फोटोवर भाळून ऑनलाइन ड्रायव्हर मागवला. विकणाऱ्याने चीर काळ्या नेलपॉलिशने झाकली होती, आणि तिसऱ्या फटक्याला फाटक्या पत्र्याचा आवाज आला. हेड कानाशी धरून हलवा. बारीक खडखड असेल तर बहुतेकदा आत सुटलेला गोंदाचा खडा असतो, त्याने घाबरू नका, भाव मात्र कमी करून घ्या.

मग स्क्रू. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये शाफ्टच्या टोकाला स्लीव्ह (हेडमध्ये बसणारी बाही) असते आणि खालून एक स्क्रू. तो सोडवून दाखवायला सांगा. स्क्रूचा माथा झिजलेला असेल तर नको म्हणा. या स्लीव्हमुळे ड्रायव्हरचा मोडलेला शाफ्ट बदलणं पाच मिनिटांचं काम झालं आहे. म्हणजे हेड धडधाकट असेल तर ड्रायव्हरही दुरुस्तच करा, वरचं माझं वाक्य फक्त हेडबद्दल आहे. एका कंपनीची स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या हेडला बसत नाही हे लक्षात ठेवा.

नकली माल कसा ओळखायचा?

खिशात लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. टायटॅनियम म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या फेसला तो टपकन चिकटला तर नमस्कार करून निघा. आयर्नसाठी ही परीक्षा चालत नाही, ते पोलादाचेच असतात. तिथे फेरूल आणि होझल यांच्यातली फट, अक्षरांचा रंग, होझलवरचा क्रमांक आणि सगळ्या काठ्यांवरच्या कोरीवकामाची खोली एकसारखी आहे का ते पाहा. आणि चालू वर्षाचा अख्खा सेट निम्म्याहून कमी किमतीत 'मुलगा परदेशी गेला म्हणून' विकायला असेल, तर त्या मुलाची चौकशी करा.

भाऊ अमेरिकेत आहे. तिथून जुनी मागवू का?

तिथे दान दिलेल्या वस्तूंच्या दुकानांत सुट्या काठ्या खरंच कवडीमोलाने मिळतात. पण भावाला 'एक सात नंबर घेऊन ये' एवढंच सांगू नका. मॉडेल, नंबर, शाफ्टचं नाव आणि उजव्या हाताची की डाव्या, हे लिहून द्या. माझ्या मित्राच्या भावाने प्रेमाने डावखुरी काठी आणली. ती आता घरात पंख्यावरची जळमटं काढते.

मी डावखुरा आहे.

मग दुरुस्तच करा. आपल्याकडे डावखुऱ्या सेकंडहँड काठ्या शोधता शोधता उजव्या हाताने खेळायला शिकाल.

पावसाळ्यानंतर स्टीलच्या शाफ्टवर तांबेरा आलाय.

वरचा तांबेरा बारीक स्टील वुलने आणि तेलाच्या थेंबाने जातो, तो फक्त दिसायला वाईट. घातक असतो तो आतला. ओली काठी बॅगेत उलटी राहिली की ग्रिपच्या टोकातल्या भोकातून पाणी नळीत शिरतं. मुंबई-कोकणातल्या हवेत ते महिनोन्महिने सुकत नाही आणि शाफ्ट आतून खातं. शाफ्ट ठोकून पाहा, आतून कण पडल्यासारखी खरखर आली, किंवा क्रोमवर फोड आले, तर तो शाफ्ट बदला. सेकंडहँड सेट घेतानाही हीच परीक्षा करा, विशेषतः किनाऱ्यावरच्या माणसाकडून घेत असाल तर.

आजोबा लष्करात होते. त्यांच्या लाकडी हेडच्या काठ्या माळ्यावर सापडल्या. खेळण्याजोग्या करता येतील?

पर्सिमनच्या लाकडाची हेड असतील. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी हेडचा ड्रायव्हर आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकडी हेड मैदानावरून गेली. लाकूड तडकलेलं नसेल, मानेवरचा दोरा फक्त सुटला असेल, तर तो पुन्हा गुंडाळता येतो. फेसवरचे स्क्रू घट्ट करा, वार्निशचा हात द्या. खेळा, पण जुन्या मऊ चेंडूने आणि हळूच. शाफ्टही लाकडी, म्हणजे हिकरीचा असेल, तर काठी बहुधा १९३० च्या आधीची. तिला पॉलिश पेपर लावण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा, कारण घासलेल्या जुन्या वस्तूची किंमत उतरते.

मुलासाठी माझा जुना आयर्न कापून आखूड करू का?

शाफ्ट आखूड झाला की ताठ होतो आणि हेड मात्र मोठ्या माणसाचंच राहतं. आठ वर्षांच्या मुलाला तो हातोडा वाटतो. मुलांचे सेट सेकंडहँडच घ्या. मुलं दोन वर्षांत त्यातून मोठी होतात, त्यामुळे ते फारसे झिजलेले नसतात. पटर कापलात तर चालेल.

वेजच्या फेसवरचे खाचे झिजलेत. धार लावून देणारं अवजार मिळतं म्हणे.

मिळतं. पण खाच्यांची रुंदी, खोली आणि कडेची धार यांचे नियम आहेत, २०१० पासून ते आणखी कडक झाले. घरी कोरलेला खाचा त्यात बसेल याची खात्री नाही. मित्रांत खेळायला ठीक, स्पर्धेत पंचाईत. वेज वाळूने झिजते, तेव्हा दुरुस्तीच्या माझ्या नियमाला हा एक अपवाद समजा. शाफ्ट मोडला तर वेज दुरुस्त करा, फेस गुळगुळीत झाला तर दुसरी घ्या, आणि तीही सेकंडहँड घेताना खाचे नखाने तपासून.

फेरी चालू असताना काठी मोडली तर?

२०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे मोडकी काठी कशीही मोडली असली तरी तीच पुढे वापरता येते, किंवा खेळ न रेंगाळवता दुरुस्त करता येते. २०२३ पासून बदलूनही घेता येते, फक्त ती तुम्ही रागाने आपटून मोडलेली नसावी. झाडाला मारलेली काठी 'आपोआप निसटली' असं सांगणारे सभासद प्रत्येक मैदानावर असतात.

दुरुस्तीनंतर उरलेल्या मोडक्या शाफ्टचं काय करता?

टोक कानसाने बोथट करून कुंडीत रोवतो. सध्या दोन ग्रॅफाइट आणि एक स्टील अशा तिघांवर तोंडलीचा वेल चढलाय. स्टीलवरचा वेल जरा मागे आहे, पण तिथे ऊनच कमी येतं.